काठाला फोडणी

गोळाभाताचं ताट समोर आलं की लगेच हात घालू नये. आधी बघावं. पांढऱ्या मोकळ्या भाताचा ढीग, त्याला टेकून लिंबाएवढे दोन पिवळे गोळे, वाटीत चिंचेचं सार, कांद्याची फोड, आणि पावसाळ्याची सुरुवात असेल तर काळपट हिरवी तरोट्याची भाजी. तेल अजून आलेलं नाही. ते शेवटी येतं, पळीतून, चुरचुरत. ताटातलं सगळं त्या एका पळीसाठी थांबलेलं असतं.

हे ताट विदर्भात घरोघर ओळखीचं आहे. पण मी ते वाचणार आहे आंधळगावात बसून, कारण ते उलगडायला लागणाऱ्या दोन्ही किल्ल्या या गावात आहेत. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. भोवती धानाच्या बांध्या आणि गावात कोशाचे हातमाग. दोन्ही धंद्यांत कष्ट रोजचे, पैसा मात्र टप्प्याटप्प्याने. धान निघालं की शेतकऱ्याच्या हातात काही पडतं, कापड मागावरून उतरलं की विणकराच्या. मधले दिवस डब्यांच्या तळाशी बघत काढायचे असतात. गोळाभात हा त्या मधल्या दिवसांतला स्वयंपाक.

कृती चार ओळींची आहे. पाच माणसांसाठी अर्धा किलो तांदूळ, दीड वाटी चण्याच्या डाळीचा भरडा, सहा-सात चमचे तेल. भरड्यात हळद, तिखट, मीठ, जिरं घालायचं, त्यावर दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, आणि पाण्याचा जेमतेम हबका मारून घट्ट गोळे वळायचे. भातातलं पाणी आटत आलं की गोळे त्यात अलगद ठेवून वर झाकण, खाली मंद आच. भात आणि गोळे एकाच वाफेवर, एकाच भांड्यात, एकाच सरपणात शिजतात. उरलेलं तेल फोडणीला. संपली कृती. आता तिच्यातली कलाकुसर बघू.

पहिला प्रश्न असा की गोळाच का? तेवढ्याच डाळीचं वरण झालं असतं. पण दीड वाटी डाळीचं वरण पाच ताटांना पुरवायचं म्हणजे पाणी वाढवावं लागतं, आणि पाणी वाढवलेलं वरण लपत नाही. पहिल्याच भुरक्याला घरातली ओढाताण सांगून टाकतं. गोळा तसं करत नाही. डाळ पाण्यात पसरून फिकी होण्याऐवजी एका जागी घट्ट बसते. चव दाट राहते. शिवाय गोळा मोजता येतो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन, धाकट्यालाही दोन. वरणाच्या पळीत कमी-जास्त होतं, त्यावरून पोरांची भांडणं होतात. गोळ्यात वाटणी डोळ्यांदेखत झालेली असते.

मग भरडा. डाळ बारीक दळली असती तर गोळा चिकट झाला असता, टाळूला लागला असता. भरड्याचा गोळा बोटांनी दाबला की रवाळ फुटतो. भातात कालवला की मऊ शितांमध्ये ते कण दाताखाली येत राहतात. भात हा एकसुरी पदार्थ आहे, आणि धानाच्या मुलखात दोन्ही वेळेला तोच असतो. त्या एकसुरीपणाला कण अडखळवतो, आणि दाताला काम मिळालं की पोटालाही जेवल्यासारखं वाटतं. मुलं घाईने आधी तेल मागतात, तेव्हा घरातली बाई म्हणते, "आधी गोळा फोड, मंग तेल घे." ही शिस्त वाटते, पण आहे ती रसिकता. न फोडलेल्या गोळ्यावरून तेल घरंगळून ताटाला लागतं. फोडलेल्या गोळ्याचा प्रत्येक कण ते पितो.

आता ती पळी. तेलात मोहरी तडतडली, हिंगाची चिमूट पडली, सुकी लाल मिरची फुगून काळसर झाली की कढई खाली उतरते आणि पळी थेट ताटावर येते. हेच तेल आधी भाताच्या भांड्यात ओतलं असतं तर? अर्धा किलो तांदळात चार-पाच चमचे तेल कुठे गेलं ते कळलंही नसतं. हिंग-मोहरीचा वास तेलात उतरतो आणि गरम असेपर्यंत उसळून वर येतो. म्हणून तो जिभेच्या आधी नाकाला गाठतो. शेवटी आणि वरून घातलेलं तेल पहिल्या घासालाच साऱ्या ताटाची ग्वाही देऊन जातं. थोडं आहे, हे लक्षातच येत नाही.

इथे मला मागाकडे वळावंसं वाटतं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचा कोसा, त्याचा मधासारखा मूळचा रंग, आणि त्यावर या भागाची करवतकाठी. साडीचं अंग साधं, एकरंगी. काठाला करवतीचे दाते. तो काठ विणायला वेगळे धोटे लागतात आणि अंगाचा धागा काठाच्या धाग्यात दर फेरीला अडकवून घ्यावा लागतो. गंमत अशी की महाग तो अंगाचा कोसा. काठ पुष्कळदा सुताचा असतो. तरी साडी ओळखली जाते ती काठावरून. काठाला ते मोल सुताने दिलेलं नाही, जागेने दिलेलं आहे. गोळाभाताची फोडणी म्हणजे त्या ताटाचा करवतकाठ. दोन मिरच्या, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल. पण बसवलंय अशा ठिकाणी की नजर, नाक आणि जीभ तिथूनच आत शिरतात.

आपल्या काव्यशास्त्रात याला नाव आहे: औचित्य. 11व्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने काव्याचा जीवच त्यात पाहिला. गळ्यातला हार कमरेला आणि कमरपट्टा गळ्यात घातला तर हसू होतं, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं. दागिने तेच, जागा चुकली. काटकसरीच्या स्वयंपाकात ही कसोटी फार कडक लागते. भरल्या घरात तूप चुकीच्या जागी पडलं तर आणखी घालता येतं. इथे दुसरी पळी नसते.

सार आणि भाजी यांची जागाही अशीच नेमकी. भरडा कोरडा, तो घशात अडकतो. चिंचेचं पातळ सार त्याला वाट करून देतं. गुळाचा खडा साराच्या आंबटाला धार ठेवूनही बोचू देत नाही. तरोटा तर विकतही घ्यावा लागत नाही. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, रस्त्याकडेला आपोआप उगवतो. कोवळा पाला खुडायचा, लसूण-कांद्यावर परतायचा. त्याला किंचित कडवट, रानटी वास आहे, आणि तोच पांढऱ्या-पिवळ्या ताटाला हवा असतो. आहाराच्या अंगानेही ही जुळणी चोख आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळाकडून येतं. घरातल्या बाईने हे शब्द ऐकलेले नसतील; जोडी मात्र तिने अचूक लावली आहे.

पण रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. या ताटाच्या मर्यादाही याच मातीने दाखवल्या आहेत. चण्याची डाळ परवडत नाही तिथे लाखोळी येते. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत ती फेकून पेरतात. नांगरट नाही, पाणी नाही, उरलेल्या ओलीवर पीक. स्वस्त, चविष्ट, तिची भजी तर खास. मात्र महिनोनमहिने जवळजवळ तीच खाल्ली तर तिच्यातलं विष मज्जातंतूंना बाधतं आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. 1961 मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि पुढे महाराष्ट्रात ती उठली. इथली जुनी घरं लाखोळी भिजवून वरचं पाणी फेकतात, इतर डाळींबरोबर अधूनमधून खातात. म्हणजे प्रश्न पुन्हा जागेचा आणि प्रमाणाचा. काठ म्हणून शोभणारी गोष्ट अंगभर पसरली की कापड बिघडतं, आणि इथे कापड म्हणजे माणसाचं शरीर.

दुसरी मर्यादा आकड्यांची. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही मोफत. दिवसाला हिशेब साधारण 165 ग्रॅमचा. दोन्ही वेळा भात खाऊन राबणाऱ्याला तेवढं पुरत नाही. आणि डाळ, तेल, हिंग, मिरची ही या कायद्याच्या बाहेरच आहेत. ताटाचं अंग सरकारी दुकानातून येतं, काठ मात्र ज्याचा त्याने विणायचा. म्हणून गोळाभाताचं कौतुक करताना एवढं भान ठेवावं की ही कला हौसेने जन्मलेली नाही. दीड वाटी भरड्याने तिला भाग पाडलं आहे. सहा वाट्या असत्या तर हीच बाई काय करती, ते आपल्याला कधी चाखायला मिळालेलं नाही.

सगळ्यांचं जेवण होतं. गोळे मोजून दिलेले, ते संपलेले असतात. रांधणारीसाठी भांड्याच्या तळाला लागलेली खरवड आणि मूठ-दोन मुठी भात उरतो. ती तो भात ताटात घेत नाही. फोडणीची कढई पुढे ओढते, तिच्यात टाकते, आणि कडेला चिकटलेली मोहरी, जळकी मिरची, तेलाचा शेवटचा ओशट थर बोटांनी पुसत भात घोळवते. एकही गोळा नसलेला, तरी त्या दिवसाचा सगळ्यात खमंग घास तोच. कढई इतकी स्वच्छ होते की घासायला राखही कमी लागते.