विश्रांती, पण किती?

गॅब मर्किन आणि मार्शल हॉफमन यांच्या ‘द स्पोर्ट्समेडिसिन बुक’ (१९७८) या पुस्तकाने मुरगळलेल्या पायासाठी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र रूढ केले. सूत्र सुटसुटीत आहे. आमचा आक्षेप त्यातील विश्रांतीवर आहे. साठीनंतर वापर थांबला की स्नायू झपाट्याने रोडावतात आणि सावकाश भरून येतात. बर्फाने वेदना कमी होते, परंतु दाह हा दुरुस्तीचाच एक टप्पा असतो. बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिले. पुराव्यापुढे सूत्रकर्त्यानेच सूत्र बदलले, हे वर्गात आवर्जून सांगावे. आणि निवृत्त सहकाऱ्यांना हेही सांगावे : हाड मोडलेले नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, मग सोसेल इतकी हालचाल लवकर सुरू करा.