कवीचे स्वातंत्र्य आणि वाशिमचा सर्वसेन

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. काव्य हरवले, अलंकारग्रंथांत उद्धृत झालेल्या गाथा तेवढ्या उरल्या. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा दाखला दिला, तो मोलाच्या जागी: परंपरेने आलेली कथा रसाला बाधत असेल, तर कवीने ती बदलावी. हे बंड खरे, पण मोकाट नव्हे. घटना सांगायला इतिहास आहेच. कवीचे सत्य रसाला न्याय देण्यात आहे. कथेपासून सुटलेला कवी रसाला बांधलेलाच राहतो. आजच्या ऐतिहासिक कादंबरीकाराने आपले स्वातंत्र्य याच कसोटीवर घासून पाहावे.