ज्युपिटर आणि आपलं ढकलपत्र

'ज्युपिटर म्हणजे आपला द्यौष्पितर, म्हणजेच लॅटिन संस्कृतातून निघाली' असं ढकलपत्र तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. त्याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा आहे, म्हणूनच दुसरा सहज खपून जातो.

ऋग्वेदात 'द्यौष्पितः', म्हणजे 'हे आकाशबापा', अशी हाक आहे. ग्रीकांची हाक 'झेउ पातेर'. रोमन लोकांची हाक झिजून 'यूपिटर' झाली. म्हणजे नावाच्या मुळाशी संबोधनच आहे. लाडाने मारलेली हाक पुढे नाव होऊन बसते, तसं. मूळ अर्थ प्रकाशण्याचा. आपले 'दिवस' आणि 'देव', लॅटिनचे 'दिएस' आणि 'देउस' त्याच कुळातले. ('दिवा' मात्र नाही, तो 'दीप'चा.)

मग लॅटिन संस्कृतची लेक का नाही? 'आणि' या अर्थाचा संस्कृत 'च' पाहा. लॅटिनमध्ये त्याचा जोडीदार 'क्वे'. जुन्या 'क'चा असा 'च' होतो तो पुढे 'ए' किंवा 'इ' असेल तर. संस्कृतात पुढे 'अ' दिसतो, म्हणजे तिथे पूर्वी 'ए' होता. तो संस्कृतने टाकला, लॅटिनने ठेवला. आईने टाकून दिलेली वस्तू लेकीकडे कुठून येणार? या दोघी बहिणी. विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात हेच म्हणाला होता: दोघींचं मूळ एक, आणि ते बहुधा आता उरलेलं नाही.

पु. ना. ओकांनी 'व्हॅटिकन'मध्ये 'वाटिका' ऐकली ती निव्वळ कानाच्या भरवशावर. त्या हिशेबाने मी बहरीनमध्ये जिथे राहतो ते सखीर, फॉर्म्युला वनच्या शर्यतीचं, 'शिखर' ठरेल! इथे तर वाळवंट आहे, आणि अरबीत 'सख्र' म्हणजे खडक. रोमन लोक ज्युपिटरची शपथ हातात दगड घेऊन वाहत; तेवढ्यावरून सखीर ज्युपिटरचं ठाणं म्हणूनही कुणी खपवेल.

'बृहस्पती'तही 'पिटर' ऐकणारे आहेत. पण तिथे 'पति' आहे, म्हणजे स्वामी, बाप नव्हे. ज्युपिटर नावाचा ग्रह आपण बृहस्पतीला दिला, द्यौसला नाही. ढकलपत्र नेमकं हेच सांगत नाही. रोममध्ये आकाशबाप देवांचा राजा झाला. आपल्याकडे वेदांतच इंद्र त्याच्या पुढे गेला, आणि घरच्या देव्हाऱ्यात त्याला जागा नाही.