पंडिता रमाबाईंचीं पत्रें आणि ईश्वराज्ञेचा प्रश्न

पंडिता रमाबाई यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें सन १९७७ मध्यें श्री. अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध केला, त्यास आतां बराच काळ लोटला आहे. या अवधींत या पत्रांचा उपयोग पुष्कळांनीं केला. परंतु ऐतिहासिक साधन या दृष्टीनें त्यांचें परीक्षण व्हावें तितकें झालें नाहीं, असें आमचें मत आहे. बहुतेक लेखक त्यांतून दहापांच सणसणीत वाक्यें उचलतात आणि रमाबाई या स्वतंत्र बाण्याच्या बंडखोर स्त्री होत्या एवढें सिद्ध करून थांबतात. तीं वाक्यें खरीं आहेत. पण ज्या वादांत तीं लिहिलीं गेलीं तो वाद मुख्यतः आज्ञापालनाचा होता. ख्रिस्ती मनुष्यानें देवाची आज्ञा पाळलीच पाहिजे, याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें. ती आज्ञा कोणाच्या मुखानें येते, आणि ती देवाचीच हें कशावरून ओळखावें, एवढ्यापुरताच मतभेद होता. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पत्रांचा अर्थ कसा फिरतो, तें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम साधनाविषयीं. या पत्रांचें संकलन सिस्टर जेराल्डीन यांनीं केलेलें आहे. या बाई वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या जोगीण, रमाबाईंच्या धर्ममाता व गुरु. आणि ज्या वादाचीं हीं पत्रें साक्षी आहेत त्या वादांतील त्या स्वतः एक पक्षकार. पत्रांची निवड त्यांची, मांडणी त्यांची, आणि मधूनमधून घातलेलें विवेचनही त्यांचेंच. एखाद्या वतनाच्या तंट्याचे कागद एकाच भावाच्या दप्तरांत सांपडावे व त्यांवर त्यानेंच शेरे मारलेले असावे, तशांतलाच हा प्रकार आहे. असे कागद टाकाऊ ठरत नाहींत, पण ते वाचतांना शेरा कोणता व मजकूर कोणता हें क्षणभरही विसरून चालत नाहीं. जेराल्डीनबाईंच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. स्वतःस बोचणारीं उत्तरें त्यांनीं दडवून ठेविलीं नाहींत, हें त्यांस भूषणावह आहे. तथापि रमाबाईंचा गर्व व हट्ट या सूत्रांत त्यांनीं सर्व पत्रें ओंवलीं आहेत. आणि चमत्कार असा कीं, आधुनिक लेखकांनीं तेंच सूत्र कायम ठेवून केवळ दोषाच्या ठिकाणीं गुण हा शब्द घातला. बाईंच्या लेखीं जो आज्ञाभंग, तोच यांच्या लेखीं पराक्रम. मूळ पत्रांत आज्ञापालनाविषयीं काय म्हटलें आहे हें पाहण्याची तसदी दोघांनींही घेतली नाहीं.

पूर्ववृत्त वाचकांस ठाऊकच आहे. सन १८८२ त वैधव्य आल्यावर रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, आणि सन १८८३ त लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. वाँटेजच्या भगिनींचें पुण्यांत काम असल्यामुळें त्यांची सोय त्या मठांत झाली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा या निश्चयांत मोठा भाग होता. पुढील वर्षीं त्या चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयांत गेल्या. तेथील मुख्य डोरोथिया बील या उदार मनाच्या विदुषी होत्या. वाद पेटला तो येथपासून.

जेराल्डीनबाईंचा पक्ष नीट समजून घेतल्याखेरीज पुढें जाणें अन्यायाचें होईल. त्या मठवासी होत्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञाधारकपणा हीं तीन व्रतें त्यांनीं घेतलीं होतीं. यांपैकीं तिसरें सर्वांत कठीण. सहाव्या शतकांतील बेनेडिक्टच्या नियमग्रंथापासून पाश्चात्य मठांत असें शिकवीत आले आहेत कीं, वडिलांची आज्ञा ही देवाचीच समजून विलंब न लावितां पाळावी. कारण मनुष्याचें पतन अवज्ञेनें झालें आणि परत जाण्याची वाट आज्ञापालनाचीच आहे. ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञांकित राहिला, हा त्यांचा आदर्श. या मतांत दास्यवृत्ति पाहणें हा उथळपणा होय. आपल्या इच्छेस आपणच देव मानूं नये, यासाठीं ती दुसऱ्याच्या हातीं देण्याचा तो एक कडक अभ्यास आहे. गुरुसंप्रदायांत वाढलेल्या आपल्या वाचकांस तो अगदीं परका वाटूं नये. अर्थात् शिष्येनें प्रत्येक उपदेशाचें प्रमाण मागावें, हें अशा बाईंस अहंकाराचें लक्षण वाटलें यांत नवल नाहीं.

वादाचीं निमित्तें मोठीं व लहान अशीं दोन्ही होतीं. त्रैक्याचा सिद्धांत व अथनेशियन मतांगीकार रमाबाईंच्या बुद्धीस पटेनात. मनोरमेस कोणतें धर्मशिक्षण द्यावें, यावरून आई व धर्ममाता यांचें पटेना. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, संस्कृत कां नसावींत, असेंही रमाबाईंनीं विचारलें. जेवणांत अंडें वर्ज्य करण्यांतही बाईंस जातीचा ताठा दिसला. त्यावर रमाबाईंचें उत्तर मोठें मार्मिक आहे: आमच्या देशीं येऊन राहणारी इंग्रज स्त्री आपली राहणी सोडीत नाहीं, तिला कोणी गर्विष्ठ म्हटलें तर तिला कसें वाटेल? या उत्तरांत विनोद आहे, पण तो वरवरचा नाहीं. मठाचा आहार व देवाची इच्छा या दोन गोष्टी एका ताटांत वाढल्या जात आहेत, हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें.

याहून बोधप्रद प्रकरण शिकविण्याचें. चेल्टनहॅम येथें रमाबाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें असें निघालें, तेव्हां लाहोरचे व मुंबईचे बिशप यांनीं हरकत घेतली. असें केल्यानें हिंदुस्थानांत त्यांचें वजन कमी होईल, असा त्यांचा अभिप्राय. रमाबाईंनीं कळविलें कीं, आपल्या आईनें किंवा आपण तरुणांस शिकविण्यास ना आपल्या पित्यानें हरकत घेतली ना पतीनें, आणि आज इंग्रज लोक ती घेतात याचें आश्चर्य वाटतें. अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासारख्या पुराणमताच्या ब्राह्मणापेक्षां ख्रिस्ती धर्माधिकारी या बाबतींत अधिक संकुचित निघावे, हा इतिहासाचा खेळच म्हणावयाचा. परंतु आमच्या प्रश्नास महत्त्वाचें तें निराळेंच. बिशपांनीं जें सांगितलें तें लोकव्यवहाराचें अनुमान होतें. हिंदु लोक काय म्हणतील याचा तो अंदाज होता, आणि तोही बाहेरच्यांनीं केलेला. तथापि तो रमाबाईंपुढें आला तो वडिलांच्या आज्ञेच्या वेषांत. लोकांचा अंदाज व देवाचा शब्द यांत असा गोंधळ होऊं लागला कीं भक्तास प्रश्न विचारणें भागच पडतें.

हा प्रश्न सन १८८५ च्या मे महिन्यांत जेराल्डीनबाईंस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं उघडपणें विचारला. याच पत्रांतील कांहीं वाक्यें वर सांगितल्याप्रमाणें सर्वत्र उद्धृत होतात. आशय असा कीं, हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे. आतां दुसऱ्या पुरोहितांच्या तोंडून जें जें निघेल तें तें परमेश्वराची अधिकृत आज्ञा समजून तसलेंच दुसरें जूं आपण घेणार नाहीं. आपणांस सदसद्विवेकबुद्धि आहे, विचार करण्याची शक्ति आहे. या विधानांतील ‘परमेश्वराची आज्ञा’ हे शब्द उद्धरण करणाऱ्यांच्या नजरेंतून निसटतात. रमाबाई जूं नाकारतात तें याच कारणासाठीं कीं तें देवाचें असल्याची खात्री नाहीं. देवाचें जूं घेण्यास त्या तयार आहेत. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळींत आलों आहों, इंग्लंडच्या मंडळींत नव्हे, ही त्यांची भूमिका त्याच तर्कास धरून आहे. बाप्तिस्मा घेतांना वचन दिलें तें ख्रिस्तास. त्या वचनाची वसुली करण्याचा मक्ता एका देशाच्या धर्मपीठास कोणी दिला, असें त्यांचें म्हणणें. देवाचें ऐकावें, मनुष्यांचें नव्हे, असें पेत्रानें यरुशलेमच्या न्यायसभेपुढें सांगितल्याचें प्रेषितांच्या कृत्यांच्या पांचव्या अध्यायांत आहे. तेव्हां ही भूमिका ख्रिस्ती परंपरेबाहेरची मानण्यास आधार नाहीं. ती हिंदुस्थानांतून आणलेली राष्ट्राभिमानाची पेठ मुळींच नव्हे.

मात्र या भूमिकेस एक कच्ची बाजू आहे, व ती बाईंच्या कैवारी लेखकांनीं झांकलेली आहे म्हणून आम्ही ती मुद्दाम मांडतों. देवाची आज्ञा वडिलांच्या मुखानें येत नसेल, तर ती स्वतःच्या विवेकांत येते. पण विवेकाचा आवाज व स्वेच्छेचा आवाज यांतील भेद कोणी सांगावा? शमुवेलानें शौलास दोष दिला तेव्हां शौलाचीही अशीच समजूत होती कीं आपण देवासाठींच गुरें राखून ठेविलीं. जेराल्डीनबाईंची तक्रार मुळांत हीच आहे. शब्द बोचक आहेत, पण प्रश्न क्षुद्र नाहीं. आणि १८८५ च्या पत्रांत त्याचें पुरतें उत्तर आढळत नाहीं. शास्त्रांत दाखवा म्हणजे मानीन, येवढेंच रमाबाई म्हणतात. शास्त्राचा अर्थ लावणाराही मनुष्यच असतो, हें त्या पंडितेच्या लक्षांत आलें नसेल असें नाहीं.

उत्तर आढळतें तें पुढील चरित्रांत. सन १८८९ त मुंबईस शारदासदन निघालें, दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. आणि सन १८९३ त मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं आपलें अंग काढून घेतलें. ‘केसरी’नें तर टीकेची झोड उठविली. म्हणजे वाँटेजमध्यें ज्या स्त्रीवर मिशनचें ऐकत नाहीं असा आरोप, तिच्यावरच पुण्यांत मिशनचें ऐकते असा आरोप. दोन्ही आरोप एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत. स्वतः रमाबाईंनीं पुढें आपल्या ‘साक्षीं’त लिहिलें कीं, बाप्तिस्म्यानंतर आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, तो अनुभव सुमारें १८९१ त आला. यानंतर त्यांच्या लेखनांत आज्ञापालन या कल्पनेचा रंग बदलतो. वादाची भाषा मागें पडते व समर्पणाची येते. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं शेंकडों निराधार मुली व बायका आणिल्या, तें देवाचें बोलावणें समजून. ज्या विवेकाचा १८८५ त त्यांनीं हक्क म्हणून उच्चार केला, त्याच विवेकानें आतां त्यांच्यावर असें ओझें घातलें कीं तें कोणत्याही बिशपानें घातलें नसतें. स्वेच्छा सुखाकडे ओढते, ही कसोटी मानली तर जेराल्डीनबाईंच्या शंकेचें हें एक उत्तर होय. तें निर्णायक आहे असें आम्ही म्हणत नाहीं; केडगांवच्या मुक्तिसदनांत रमाबाईंचा शब्द मानावा लागणाऱ्या बायकांस देवाची आज्ञा कोणाच्या मुखानें ऐकूं येत होती, हा प्रश्न जिज्ञासूंस विचारतां येईल, व तो विचारण्यासारखा आहे.

रमाबाईंनीं स्वतः त्या बाजूनें काय केलें तें मात्र नोंदलें पाहिजे. आयुष्याच्या उत्तरार्धांतील कित्येक वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं, आणि भाषा मुद्दाम साधी ठेविली, कीं अल्पशिक्षित बाईसही तें कोणाच्या मध्यस्थीवांचून वाचतां यावें. नवा करार सन १९१३ त निघाला. समग्र ग्रंथ १९२४ त, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. जेराल्डीनबाईंशीं पत्रव्यवहार वादानें तुटला नव्हता. सर्व कटुतेंतही रमाबाई त्यांस ‘आजीबाई’ म्हणूनच लिहीत, मनोरमेच्या नात्यानें. पुढील संपादकानें हीं पत्रें केवळ तारीखवार लावून, संकलिकेचें विवेचन परिशिष्टांत घालून पुन्हां छापावीं, अशी आमची सूचना आहे.