शून्य बाइटचा रुमाल

आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या ॲपमध्ये रेंडर सेटिंग्जची खिडकी उघडली की नजर वरच्या वर फिरते. क्वालिटी, रिझोल्यूशन, फ्रेम रेट. माझा जीव मात्र अगदी तळाच्या एका चौकोनावर आहे: ‘स्किप एक्झिस्टिंग फाइल्स’. फाइल आधीच असेल तर ती सोडून पुढे जा. शेजारी कंसात, दबक्या आवाजात सांगितल्यासारखं लिहिलंय की यामुळे अनेक यंत्रांवर रेंडर करता येतं. मोशन ग्राफिक्सवाल्यांनी ते वाचलं आणि अनेक यंत्रांची सोय एकाच यंत्रावर वापरली. कंसातल्या मजकुरापेक्षा हे वाचन जास्त रसिक होतं.

तीस सेकंदांची जाहिरात घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण ७५०. आउटपुट एकसंध व्हिडिओ न ठेवता पीएनजी किंवा टिफ चित्रांची मालिका ठेवायची, चौकोनात खूण करायची, प्रोजेक्ट सेव्ह करून ॲप बंद करायचं. मग कमांडची काळी खिडकी उघडून ‘एईरेंडर’ या रेंडर करणाऱ्या प्रोग्रामला हाक मारायची. दुसऱ्या खिडकीत तीच कमांड. तिसरीत पुन्हा तीच, अक्षराचाही फरक न करता.

या तिघांची एकमेकांशी ओळख नाही. वर मुकादम नाही. प्रत्येक जण फोल्डरमध्ये डोकावतो, ज्या क्रमांकाची फाइल नाही त्या नावाची रिकामी, शून्य बाइटची फाइल ठेवतो आणि मग निवांत गणिताला बसतो. दुसरा येतो, नाव बघतो, पुढे सरकतो. आत चित्र आहे की नाही, हे तो बघतही नाही. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, अगदी तसंच. माणूस अजून खालीच असतो, पण जागा त्याची झालेली असते.

वाटणी आधीच करून देता आली असती: २५०, २५०, २५०. भावकीतली वाटणी कागदावर समान असते. खडकाळ तुकडा कोणाच्या वाट्याला आला हे नांगर धरल्यावर कळतं. शेवटच्या दहा सेकंदांत ग्लो आणि मोशन ब्लर ठासून भरलेले असले, तर पहिले दोघे लवकर मोकळे होतात आणि तिसरा रात्रभर राबतो. रुमालाच्या पद्धतीत मात्र जड फ्रेम एकाला अडकवते तेवढ्यात बाकीचे दोघे दहा हलक्या फ्रेम उरकून पुढे निघून जातात. फोल्डर उघडून हे नुसतं बघत बसावं. एका नावासमोर शून्य तसंच, आणि त्याच्या पुढच्या ओळी भराभर भरत चाललेल्या.

आफ्टर इफेक्ट्सच्या २०१५च्या आवृत्तीत एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करायची जुनी सोय काढून टाकली गेली. नव्या रूपात ती आली २०२१मध्ये. मधल्या सहा वर्षांत कित्येकांच्या प्रोसेसरचे डझनभर कोअर अर्धवट झोपलेले असायचे, आणि त्यांना उठवायला ही काळी खिडकीच होती.

अतिलोभ मात्र चालत नाही. प्रत्येक प्रक्रिया अख्खा प्रोजेक्ट स्वतःच्या मेमरीत उघडते. चारावर छान पळणारं यंत्र आठावर डिस्क घासत बसतं, आणि एकट्याने केलं असतं तर बरं, असं वाटायला लागतं. कणांचे इफेक्टही या खेळात कच्चे: चारशेवी फ्रेम काढायची तर आधीची सगळी हालचाल मोजावी लागते, आणि ती प्रत्येक जण स्वतंत्रपणे मोजतो.

खरी गंमत बिघाडात आहे. एखादी प्रक्रिया मध्येच कोसळली की तिचा रुमाल सीटवर तसाच राहतो. माणूस चढलाच नाही, गाडी सुटली, आणि उभे असलेले सगळे त्या रिकाम्या सीटकडे आदराने बघत प्रवास करतात. मी एकदा असं रेंडर न तपासता जोडलं होतं. ऐन लोगो उमलताना पडदा क्षणभर काळा, आणि ग्राहक शेजारीच बसलेला.

तेव्हापासून सकाळी चहाआधी फोल्डर आकारानुसार लावतो. शून्यवाल्या फाइली वर येतात, त्या उडवतो आणि तीच कालची कमांड पुन्हा चालवतो. ७४६ फ्रेमांना हात न लावता ती नेमक्या चार भोकांवर जाऊन बसते.