मूलतत्त्ववाद : मत आणि सही

‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. फार तर ‘ग्रंथातला शब्द न् शब्द खरा मानणारा’ अशी व्याख्या करतो. मीही वर्षानुवर्षे तीच धरून होतो. शब्दाच्या मुळाशी गेल्यावर मात्र ती टिकली नाही.

हा शब्द अमेरिकन प्रॉटेस्टंटांचा. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ या नावाने ९० निबंध १२ खंडांत निघाले. खर्च तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या लायमन स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या भावाचा. पुढे १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या संपादकाने ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव अभिमानाने मिरवण्यासाठी घडवले.

गंमत अशी, की याच खंडांत लिहिणारे जेम्स ऑर पृथ्वी अतिप्राचीन असल्याचे मान्य करतात. १९२५ च्या डेटन येथील खटल्यात उत्क्रांतीविरोधकांचे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत कबूल केले, की सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. म्हणजे शब्दप्रामाण्याची आपली व्याख्या खुद्द या मंडळींनाच लागू पडत नाही.

मग वेगळेपण कशात? १९१० मध्ये प्रेस्बिटेरियन महासभेने पाच तत्त्वे ठरवली, ती धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्यांना पारखण्यासाठी. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिएशन रिसर्च सोसायटी’त तर सभासद होतानाच श्रद्धेच्या निवेदनाला मान्यता द्यावी लागते. नाव संशोधनाचे, पण निष्कर्षावर सही आधी! माझ्या मते खरी खूण इथे आहे. जे मत तपासायचे, त्याच मताने माणसे तपासली जाऊ लागली, की ते मूलतत्त्ववादी होते.

यावर आक्षेप येईल, की मग कोणतेही ठाम मूल्य मूलतत्त्ववादीच ठरेल. तसे नाही. अस्पृश्यता अन्याय्य आहे, या मतापासून मी तसूभरही हलणार नाही आणि ती पाळणाऱ्याला कायद्याने रोखावे, असेच म्हणेन. पण ‘का?’ असे विचारणाऱ्याला कारणे देणे मी माझे काम समजतो. ठामपणा हा दोष नाही. प्रश्न विचारणे हाच गुन्हा मानणे, हा दोष.

ही कसोटी धर्माला लावणे सोपे. आम्हा विवेकवाद्यांच्या बैठकीत नवख्याने भाबडी शंका काढली, की ‘हा कोणाचा माणूस?’ अशी कुजबुज होते. ती मीही केली आहे. त्या क्षणी सहीचा कागद माझ्याच हातात होता.