एक भिडू उठल्यावर

लिनक्सच्या रेड-झिरोची, म्हणजे डेटाचे तुकडे अनेक डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या रचनेची, चाचणी घ्यायला खऱ्या डिस्क लागत नाहीत, तीन रिकाम्या फाइली पुरतात. ट्रंकेट कमांडने शंभर-शंभर एमबीच्या फाइली बनवायच्या, लोसेटअपने प्रत्येकीला एक लूप डिव्हाइस जोडायचं आणि एमडीॲडमला सांगायचं, या तीन डिस्क, यांचा ॲरे कर. तो निमूटपणे करतो. खाली फिरती तबकडी आहे की लॅपटॉपवरची फाइल, याची चौकशी कुणी करत नाही. क्रमांक लावलेले सेक्टर मिळाले की काम भागतं. सोंगही झकास वठलेलं असतं. फाइल बनवल्या बनवल्या एलएसला विचारा, ती शंभर एमबीची. डीयूला विचारा, शून्य.

वेग मात्र इथे मोजू नये. तिन्ही फाइली शेवटी एकाच डिस्कवर, त्यामुळे तीन डिस्कनी एकाच वेळी काम करण्याचा फायदा मिळणार कुठून? म्हणजे ज्या गुणासाठी रेड-झिरो वापरतात, नेमका तोच इथे तपासता येत नाही. (सुरक्षिततेचा गुण तर त्याच्यात मुळातच नाही. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या प्रसिद्ध निबंधात रेडच्या पायऱ्या एक ते पाच अशा होत्या. शून्य नंतर चिकटलं. एक डिस्क गेली की सगळंच गेलं.) उरतो तो हिशेब, कुठला तुकडा कुठे ठेवायचा याचा. माझ्या मते या रचनेची सगळी गोडी त्या हिशेबातच आहे, आणि फाइलींवर तो जितका स्वच्छ वाचता येतो तितका खऱ्या डिस्कवर सहसा कुणी वाचत नाही.

वाचायची रीत अशी. चंक म्हणजे एका वेळी एका डिस्कवर जाणारा तुकडा, तो ६४ केबीचा ठेवायचा. ॲरेवर लिहिताना पहिला चंक एकाच अक्षराने भरायचा, दुसरा दुसऱ्या, असं पुढे. मग सिंक करून एकेक मूळ फाइल हेक्सडंपने उघडायची. सुरुवातीपासून ४ केबीवर सुपरब्लॉक, म्हणजे ॲरेची माहिती ठेवणारी नोंद, भेटतो, मग बराच मोकळा समास, मग मजकूर. सारख्या ओळी हेक्सडंप पुन्हा छापत नाही, एक चांदणी टाकतो. त्यामुळे ६४ केबींचा अख्खा चंक एका ओळीत आणि एका चांदणीत आटपतो. पहिल्या फाइलीत पहिलं, चौथं, सातवं अक्षर. दुसरीत दुसरं, पाचवं, आठवं. पत्ते वाटावेत तसे चंक वाटले गेलेले असतात, आणि प्रत्येक भिडूचा हात आपल्यापुढे उघडा असतो.

इथवर सगळं सरळ आहे, थोडं कंटाळवाणंही. रंगत येते ती फाइली असमान केल्यावर. समजा, पहिल्या फाइलीत पाचच चंक मावतात आणि उरलेल्या दोन मोठ्या आहेत. पाच फेऱ्यांनंतर पहिला भिडू उठतो. वाटप आता दोघांत. कर्नलच्या रेड-झिरोच्या कोडमध्ये अशा प्रत्येक टप्प्याला एक झोन असतो, आणि त्यात झोन कुठे संपतो, प्रत्येक डिस्कवर तो कुठून सुरू होतो, किती डिस्क शिल्लक आहेत, अशा मोजक्याच गोष्टी लिहिलेल्या असतात. रचना इतकी आटोपशीर, की तिच्यात दोष लपेल असं वाटत नाही. पण एक प्रश्न उघडा राहतो. पंधरा पत्ते वाटून झाले, पुढचा कुणाला? नव्या डावासारखं उरलेल्यांतल्या पहिल्यापासून सुरू करायचं, की आधीची मोजणी चालू ठेवायची? मोजणी चालू ठेवली, तर शून्यापासून मोजताना पुढच्या पत्त्याचा क्रमांक १५. त्याला दोनाने भागून बाकी एक, म्हणजे तो उरलेल्या दोघांतल्या दुसऱ्याला.

लिनक्स आधी दुसऱ्या रीतीने वाटत असे. २०१४मध्ये आलेल्या ३.१४ कर्नलमध्ये कोडची साफसफाई झाली आणि कुणाच्या नकळत पहिली रीत लागू झाली. लक्षात आलं ते २०१९मध्ये.

पाच वर्षं कसं निसटलं, याचं उत्तर आपल्या तीन फाइलींत आहे. लहान फाइलीत पाचाऐवजी सहा चंक मावतील असं करा. अठरा पत्ते झाले. अठराला दोनाने भागून बाकी शून्य. दोन्ही रीतींत पुढचा पत्ता त्याच भिडूला! चाचणी करणारा माणूस सवयीने गोल, सम आकडे घेतो, आणि या मांडणीत सम आकडा हा फरक पुरता झाकतो. विषम घेतला तरी लिहून परत वाचण्याची चाचणी उत्तीर्णच होते, कारण एकच कर्नल लिहितो आणि तोच वाचतो. दोन्ही रीती स्वतःशी प्रामाणिक आहेत. बिघाड होतो तो जुन्या कर्नलने लिहिलेलं नव्याने वाचताना, किंवा उलट. आणि तेव्हाही पहिला झोन शाबूत राहतो, दुसऱ्यातले शेजारी चंक तेवढे जोडीजोडीने जागा बदलतात. हेक्सडंपमध्ये मात्र एका कर्नलवर सोळावं अक्षर दुसऱ्या फाइलीत दिसतं, दुसऱ्या कर्नलवर तिसरीत. वादच मिटला. एकच काळजी घ्यायची: सुपरब्लॉक आणि समास वजा करून उरलेल्या जागेत विषम चंक बसले पाहिजेत. डेटा कुठून सुरू होतो ते एमडीॲडम त्याच्या एक्झामिन पर्यायात सांगतो.

दुरुस्तीही मला दोषाइतकीच आवडते. कुठली रीत बरोबर, हे ठरवणं शक्यच नव्हतं. दोन्ही रीतींनी लिहिलेले ॲरे तोवर वापरात होते. म्हणून ५.४ कर्नल असमान डिस्कचा असा ॲरे जोडायलाच नकार देतो. रेड-झिरोच्या ‘डिफॉल्ट लेआउट’ या पॅरामीटरला १ द्या म्हणजे जुनी रीत, २ द्या म्हणजे नवी, काहीच दिलं नाही तर तो हटून बसतो. पुढे ही निवड सुपरब्लॉकमध्येच नोंदवण्याची सोय झाली. रिकाम्या फाइलींवर हे दोन्ही आकडे एकामागून एक देऊन बघता येतात, आणि बिघडलं तर फाइली पुसून पुन्हा बनवायच्या.